सोनाबाई धवलारीण आणि चौथ्या पलंगाची घंटा

श्री एकविरा आईस दंडवत, दर्यास नमस्कार, आणि लिहून पुरे होईतो वीज जाऊ नये म्हणून तिचीही करुणा भाकून लेखनास आरंभ केला असे. तमाम वाचणारे मंडळींस कळावे की, नागावचे रस्त्यास नारळ-पोफळींचे सावलीत दर्याछाया नामे इस्पितळ आहे, तेथे गेले साली घंटेचे जे युद्ध जाहले त्याची खबर चहूंकडे पसरून जो तो आपले पदरचे मीठमसाला घालू लागला. कोणी म्हणे, म्हातारीने घंटा खिडकीतून वाडीत भिरकावली. कोणी म्हणे, डॉक्टरच मागील दाराने पळाला. या साऱ्या थापा होत. सबब खरे काय ते एकवार कागदावर उतरावे ऐसी मजला बुद्धी जाहली. मी चांगदेव, इस्पितळाचे तळमजल्यास औषधांचे दुकानी बसतो. वरचे मजल्याची हकीकत तळमजल्यास कैसी कळली, ऐसे कोणी पुसेल, तर त्यास उत्तर की, रोग्याचा नातलग औषध घ्यावयास उतरला म्हणजे आधी हकीकत सांगतो आणि मग चिठ्ठी दाखवितो, आणि हकीकत न ऐकता गोळ्या दिल्या तर त्या लागू पडत नाहीत ऐसी या मुलखाची समजूत आहे. तेव्हा लिहिले ते ऐकीव खरे, परंतु दहा तोंडांनी ऐकीव आहे.

तर या इस्पितळाचे धनी राजश्री वरदपंत, हाडे जोडण्याचे विद्येत निष्णात, हात हलका आणि जीभ जड. त्यांचे इस्पितळात पूर्वापार रिवाज ऐसा होता की, रोग्यास काही लागले म्हणजे नातलगाने दारात येऊन "ओ सिस्टर!" ऐसा पुकारा करावा, आणि मग शेजारचे खोलीतील नातलगास वाटावे की आपलेही काही मागावयाचे राहिले, म्हणून त्यानेही करावा, आणि मग तिसऱ्याने, आणि मग सारा मजला मासळीच्या लिलावासारखा गर्जावा. पंत या गर्जनेस बहुत कंटाळले होते. पुढे पंतांची स्वारी मुंबईस वैद्यांचे सभेस गेली, तेथे एका थोर इस्पितळात त्यांनी पाहिले की, रोगी पलंगावरून बोटाने कळ दाबतो, आणि बाहेर दिवा लागतो, आणि सिस्टर चालत येते, आणि कोणी तोंड म्हणून उघडत नाही. ते पाहून पंतांचे चित्त हरपले. परत येताच त्यांणी पनवेलीहून कुलदीप नामे कारागीर पाचारण केला आणि आपले इस्पितळी तैसाच सरंजाम बसविण्याचा हुकूम फर्माविला.

मग कुलदीपाने भिंतींस भोके पाडिली, तारा ओढिल्या, आणि प्रत्येक पलंगाशी दोरीचे टोकास एक कळ, दारावर एक तांबडा दिवा आणि सिस्टर लोकांचे मेजावर एक तक्ता ऐसा बंदोबस्त केला. कळ दाबली म्हणजे तक्त्यातून प्रथम टिंगटाँग ऐसा नाद व्हावा आणि मग एका अदृश्य बाईने इंग्रजीत वर्दी द्यावी की, "कॉल फ्रॉम बेड नंबर फोर." ही बाई कोण, कोणत्या मुलखातील, हे कोणास ठाऊक नव्हते, तिला जुनाट सर्दी असावी, येविषयी मात्र इस्पितळात एकमत होते.

या सरंजामाचा पहिला उपभोग शनिवार-आदितवारचे पर्यटकांनी घेतला. केळ्याचे आकाराचे होडीवर बसावे, दर्यात उलथावे, मनगट मोडून घ्यावे आणि दर्याछायेस दाखल व्हावे, हा त्या लोकांचा शिरस्ता आहे. त्यांणी कळ दाबून वायफायचा सांकेतिक शब्द पुसावा, आणि मग दाबून सुरमईची थाळी कोठे बरी मिळते ते पुसावे, आणि मग दाबून पंखा एक घर कमी करवावा. सिस्टर लोकांचे पाय सुजले. तेव्हा इस्पितळाच्या मेट्रन मधुवंतीबाई, ज्या नागावच्याच वाडीवाल्या घराण्यातील आणि ज्यांचे चष्म्यास सारा मजला भितो, त्यांणी फर्मान काढिले की, घंटा केवळ गरजेस वाजवावी, आणि गरज कोणती ते आम्ही ठरवू. पर्यटक वठणीवर आले. पंत मिशीत हसले, आणि मजला शांत जाहला, आणि आता सर्व सुरळीत चालेल ऐसे सर्वांस वाटले. तोच सोनाबाई आली.

ही सोनाबाई कोण, ते सांगितले पाहिजे. खाडीपलीकडे मिठागरांचे काठी आगरी लोकांची वस्ती आहे, तेथील ती नामांकित धवलारीण. म्हणजे लग्नाचे मांडवात बसून धवले गाणारी आणि सारे विधी गाण्यानेच पार पाडणारी. त्या लोकांत भटजी उशिरा आला तरी चालते, बँडवाला न आला तरी निभावते, परंतु धवलारीण आल्यावाचून हळद लागत नाही. सोनाबाईचा कंठ ऐसा की, तिने मांडवात बसून एकविरेस हाक मारिली म्हणजे पलीकडचे गावातील कुत्रीही उठून उभी राहात. ऐशी ही बाई अंगणात सुकत घातलेल्या जवळ्यावरून कावळा हाकलावयास धावली, आणि कावळा उडाला, आणि बाई पडली, आणि खुब्याचे हाड मोडले. वरदपंतांनी शस्त्रक्रिया करून नवा सांधा बसविला, तो उत्तम बसला. मग पंतांनी आज्ञा केली की, सांधा कोवळा आहे, बाईंनी एकटे पलंगावरून उतरू नये, लघवीस लागली तरी आधी सिस्टरला बोलवावे, अन्यथा सांधा निखळेल आणि सारे प्रथमपासून करावे लागेल. आणि प्रथमपासून करण्यास अवकाश कोठे होता! सोनाबाईचा नातू मितेश याची हळद तोंडावर आली होती. गावात दुसरी धवलारीण नाही, एक होती ती मागेच वारली, आणि आजीने आपले नातवाचे हळदीस गाऊ नये म्हणजे काय, ही गोष्ट त्या घरात कोणास उच्चारवेना. तर ऐसा हा प्रसंग होता.

सोनाबाईस चौथा पलंग मिळाला. दिमतीस सिस्टर प्राप्ती तैनात जाहली. ही पेणकडची आगऱ्याचीच पोर, चालणे झपाट्याचे, बोलणे त्याहून झपाट्याचे. तिने सोनाबाईचे हातात कळ दिली आणि समजाविले की, काही लागले की दाबा. सोनाबाईने कळ उलटसुलट करून पाहिली, ती उशाशी ठेविली, आणि दाबिली नाही. लागेल तेव्हा छातीत वारा भरून "प्राप्तीऽऽ!" ऐसी हाक मारू लागली. ती हाक लग्नातली होती. तिसरे पलंगावरील रोग्याचा रक्तदाब चढला, पर्यटकाचे हातून मोबाइल पडला, आणि खाली माझे दुकानी काचेची बरणी थरथरली हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा मधुवंतीबाईंनी येऊन फर्माविले की, येथे हाक मारण्याची मनाई आहे, घंटा वाजवावी. सोनाबाईने मान डोलाविली. त्या क्षणापासून तिने हाक मारणे सोडिले, आणि घंटा वाजविणे धरिले नाही.

मग मोहिमेस तोंड लागले. प्रथम प्राप्तीने कळेची दोरी सोनाबाईचे बांगडीस बांधिली, सोनाबाईने सोडिली. मग पदरास टाचली, तीही सोडिली. इतक्यात सोनाबाईचा पुत्र बुधाजी, जो मिठागर सोडून टेंपोंचे धंद्यात शिरला आणि ज्याचे घरात टीव्हीचे रिमोटावरील प्लास्टिक आजवर निघाले नाही, तो भेटीस आला. त्याने ती कळ पाहून विचारिले, "नवी हाय ना ही?" आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडास रबर लावून, सलाइनचे खांबास उंच टांगून ठेविली आणि आईस बजाविले, "आये, हात नको लावू, खराब व्हईल." आईसही तेच हवे होते. प्राप्तीने येऊन पाहिले तो कळ खांबावर, हाताबाहेर, मांडवाच्या टोकाला लावलेल्या आंब्याच्या डहाळीसारखी डुलत होती. तिने बुधाजीस जे सुनाविले ते लिहिण्याजोगे नाही, आणि तेही आगरी बोलीत, त्यामुळे त्यास पुरते लागले.

येथून पुढे सोनाबाईने मोठी मसलत केली. शेजारचे पाचवे पलंगावर नीराबाई म्हणून निवृत्त मास्तरीण गुडघ्याचे दुखण्याने आली होती. शाळेत तीस-बत्तीस वर्षे घंटेवर उठलीबसलेली. घंटा हाती आली म्हणजे तिला आपले राज्य आले ऐसे वाटे. सोनाबाईने तिच्याशी तह केला. सोनाबाईस लागले की तिने डोळ्याने खुणवावे, आणि नीराबाईने आपली कळ दाबावी, आणि सिस्टर धावत पाचव्याकडे आली म्हणजे नीराबाईने बोट करून चौथा दाखवावा, आणि मोबदल्यात सोनाबाईने तिला दुपारी एक एक धवला ऐकवावा, तोही ओठांतल्या ओठांत. हा कारभार बहुत छान चालला. मात्र मेजावरचा तक्ता उठता-बसता पाचवा पलंग पुकारू लागला, आणि वरदपंत फेरीस आले असता त्यांणी तो पुकारा वारंवार ऐकिला, आणि मनात म्हणाले की, नीराबाईंस मूत्रविकार जडला. त्यांणी लघवीची तपासणी करविली. ती निर्मळ निघाली. पंतांनी पुन्हा करविली, पुन्हा निर्मळ. मग पंतांनी भुवया चढवून पोटाची सोनोग्राफी लिहिली. नीराबाई सत्यवादी खरी, परंतु शब्द दिलेली. तिने तीही मुकाट्याने करून घेतली. मला विचाराल तर ऐसी मैत्रीण मिळण्यास नशीब लागते.

परंतु गुडघा बरा जाहला आणि नीराबाईस घरी जाण्याची परवानगी मिळाली, आणि तिची स्वारी रिक्षात बसून गेली, आणि पाचवा पलंग रिता जाहला. सोनाबाई एकटी पडली. दुपारची वेळ होती, बुधाजी जेवावयास गेला होता, प्राप्ती दुसरे खोलीत कोणाची पट्टी बदलत होती. सोनाबाईस लागली. तिने कळेकडे पाहिले. कळ उशाशीच होती, प्लास्टिकही काढलेले होते. तिने दाराकडे पाहिले. हाक मारण्यास मनाई. मग त्या हट्टी बाईने पांघरूण सारिले, लोखंडाचा कठडा खाली केला, बरा पाय खाली सोडिला, आणि मग शस्त्रक्रियेचा पाय सोडिला, आणि दोन हात गादीस रेटून ती उठू लागली.

नशीब थोर म्हणून प्राप्ती कात्री विसरली होती ती नेण्यास त्याच क्षणी आली. ती धावली, सोनाबाईस दोन्ही काखांत धरिले आणि अलगद मागे निजविले, आणि पाय सरळ करून सांधा चाचपिला. सांधा जागेवर होता. मग प्राप्ती जी इतके दिवस हसून बोलत होती, ती कडाडली, "आजी, हाड मोडलंय तुमचं का डोकं? एक बटन दाबाया काय जातं तुमचं? सांधा निखलला असता तर परत कापला असता तुमाला. मितेशच्या हलदीला कोन गानार मग, मी?" आणि इतके बोलून ती तेथेच पलंगाचे कडेस बसून रडू लागली. इस्पितळाचे पोषाखात रडू नये ऐसा मधुवंतीबाईंचा दंडक आहे, तो त्या दिवशी मोडला.

मग सोनाबाईने प्राप्तीचे पाठीवर हात ठेविला आणि म्हणाली, "रडू नको गो बाय. आयक. घंटा देवाला वाजवायची, न्हायतर बैलाच्या गल्यात बांधायची. मानसाला हाक मारायची. मी देवांना बोलवते ना मांडवात, तवा पन एकेकाचं नाव घेऊन बोलवते. नाव घेतलं का येतो तो, रुसत न्हाय. आन तू? तू माजं हागनंमुतनं करतेस. तुला मी कल दाबून बोलवू? कल दाबली का दिवा पेटतो गो, मानूस न्हाय येत." आणि मग खरा काटा होता तो काढिला, "आन ती बया तितं सांगते काय, बेड नंबर फोर! मी काय पलंग हाय?"

आम्ही सारे शहाणे लोक त्या म्हातारीस अडाणी समजत होतो, की तिला कळ दाबता येत नाही. आणि ती बिचारी आमचा आब राखावा म्हणून दाबत नव्हती. मला हे कळले तेव्हा माझी मलाच लाज वाटली, ते येथे लिहून ठेवितो आणि पुढे जातो.

प्राप्तीने डोळे पुसले, आणि बेडपॅन दिले, आणि मग तडक मेजाशी जाऊन कुलदीपास फोन लाविला. पुसिले की, त्या सर्दीवाल्या बाईस रजा देऊन तिचे जागी दुसरा आवाज घालता येतो काय. कुलदीप बोलला, "हो जाएगा सिस्टर, त्यात काय. टोन बदलायचा ऑप्शन आहे ना. फक्त छोटा पाहिजे, लंबा टाकला तर मशीन हँग होईल." तेव्हा प्राप्ती मधुवंतीबाईंकडे अर्ज घेऊन गेली. मधुवंतीबाईंनी प्रथम साफ नकार दिला की, हे इस्पितळ आहे, तमाशाचा फड नव्हे. प्राप्तीने दुपारचा प्रसंग सांगितला. बाईंनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला, आणि तिला वरदपंतांकडे घेऊन गेल्या. तेथे नीराबाईंचे मूत्रविकाराचाही उलगडा जाहला. दोन तपासण्या आणि एक सोनोग्राफी ज्याने एकीचे लघवीसाठी दुसरीवर केली ऐसा वैद्य त्या समयी काय नाही म्हणणार! पंतांनी जड जिभेने हुकूम दिला की, करा.

दुसरे दिवशी कुलदीप मोटारसायकलीवरून दाखल जाहला. सोनाबाईस मागे उशा देऊन बसविले. तिने अट घातली की, यंत्रास आधी हळद-कुंकू लागले पाहिजे. बुधाजीने घरून करंडा आणिला. कुलदीप कळवळून म्हणाला की, तक्त्यात ओले गेले तर वॉरंटी जाते. तेव्हा मधुवंतीबाईंनी स्वतः एक बोट पुढे करून कोरडे कुंकू कडेला लाविले आणि तोड काढिली. मग कुलदीपाने मोबाइल पुढे धरिला आणि सोनाबाईने आरंभ केला. तिने प्रथम एकविरेस हाक मारिली, मग खंडोबास, मग गावदेवीस, मग दर्यास, खाडीस, मिठास, विहिरीस, मग घरातील गेलेल्या वडीलधाऱ्यांस नाव घेऊन. सर्वांचे चहा निवले. तिसरे पलंगावरील रोगी उठून दारात येऊन हात जोडून उभा राहिला. कुलदीपाचा हात भरून आला, तरी देव संपेनात. तेव्हा तो काकुळतीस येऊन बोलला, "आजी, शॉर्टमध्ये घ्या ना जरा."

सोनाबाई थांबली आणि तिने त्यास ऐसे पाहिले की तो दोन पावले मागे सरला. ती म्हणाली, "अर्ध्या देवांना बोलवू आन अर्ध्यांना दारातनं परत धाडू? माज्या नातवाचं लगीन हाय." ही मोठी अडचण होती. सारी मोहीम येथे फसणार ऐसा रंग दिसू लागला. कुलदीप यंत्राकडे पाहे, पंत छताकडे पाहात, मधुवंतीबाई घड्याळाकडे. तेव्हा प्राप्ती पुढे होऊन म्हणाली, "आजी, देवांना आज पुरते बोलवून घ्या. सगले येऊंदे, बसूंदे हितंच वॉर्डात. मग कलेमदी फकस्त आमाला बोलवा. देव बसलेलेच हायेत ना, त्यांना परत परत कशाला?" सोनाबाईने विचार केला. मुद्दा शास्त्रास धरून होता. मग तिने राहिलेले सारे देव बोलाविले, एकास वगळिले नाही, आणि सर्वांस बसविले. मग पाण्याचा घोट घेतला, आणि कुलदीपाने खूण केली, आणि ती मांडवातील माहेरवाशिणीस बोलवावे तैसे हलके बोलली, गायली म्हणावे तर गायली, "ये गो बाय ये, मांडवात ये."

वाक्य यंत्रात मावले. कुलदीपाने ते तक्त्यात भरिले आणि सर्दीवाली बाई त्या दिवसापासून बरखास्त जाहली. मग उभयपक्षी तह ठरला तो ऐसा: सोनाबाईने लागेल तेव्हा कळ दाबावी, लाजू नये, आणि पलंगावरून एकटे उतरू नये. सिस्टर लोकांनी आल्यावर प्रथम रोग्याचे नाव घ्यावे, आकडा पुकारू नये. बुधाजीने कोणत्याही वस्तूस प्लास्टिक घालू नये. यास वरदपंतांनी मान हालवून संमती दिली, आणि नीराबाईस फोनवरून कळविले, तर तिने तिकडून विचारिले की, मला पुन्हा दाखल करून घेता काय.

त्या दिवशी दिवेलागणीस मी दुकानी होतो. इस्पितळ शांत होते. एकाएकी जिन्यावरून आवाज उतरला, "ये गो बाय ये, मांडवात ये." औषध घेण्यास आलेली एक बाई पिशवी टाकून वर पाहू लागली. वर काय जाहले ते असे. चौथे पलंगाचा दिवा लागला होता, आणि प्राप्ती मेजावरून धावत गेली, आणि दारात उभी राहून म्हणाली, "सोनाबाई, बोला." सोनाबाई लाजून हसली आणि म्हणाली, "काय न्हाय गो. येतंस का बगितलं." प्राप्तीने कपाळास हात लाविला. ती दोन पावले गेली असेल तोच दिवा पुन्हा लागला. या खेपेस खरीच लागली होती. इस्पितळाचे इतिहासात बेडपॅन इतके हर्षाने कोणी नेले नसेल. मधुवंतीबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांणी टाळी वाजविली, एकच वाजविली, परंतु मजल्याने ऐकिली.

यानंतर मजल्याचे वळणच पालटले. मनगट मोडलेला एक पर्यटक वायफायसाठी कळ दाबून बसला, आणि बाहेर ती हाक उठली, इतकी मायेची, की प्राप्ती येऊन नाव घेऊन पुसू लागली तेव्हा त्यास मागण्याची शरम वाटली, आणि तो बोलला की, थोडे पाणी हवे होते. सिस्टर लोक म्हणू लागल्या की, टिंगटाँग ऐकून पाय उचलत नसत, या हाकेस आपोआप उचलतात. पुढे ज्याचे त्याचे तोंडी घंटेस "मांडव" हा शब्द बसला. चौथ्याचा मांडव, सहाव्याचा मांडव, आणि जुलाबाचा रोगी आला म्हणजे आज मांडव फार.

सोनाबाई वॉकर धरून चालू लागली आणि घरी गेली. जाताना तिने प्राप्तीस हळदीचे आवतण नाव घेऊन दिले, नारळ हातात ठेवून. प्राप्तीनेही येते म्हणून सांगितले. परंतु हळदीचे दिवशीच दुसरी सिस्टर तापाने पडली आणि प्राप्तीची पाळी लागली. तिने बुधाजीस फोन करून कळविले आणि मग उगीच दिवसभर कोणावर तरी चिडत राहिली.

हळदीची संध्याकाळ जाहली. बुधाजीने आपले टेंपो ओळीने उभे करून त्यांवर कर्णे चढविले होते, त्यांची तोंडे खाडीकडे. ध्वनीचे नियम तो जाणत नाही आणि जाणत असता तरी त्या दिवशी मानता ना. भरतीचे वारे इकडे येत होते. मी दुकानाचे पायरीवर आलो, आणि वर सज्जात प्राप्ती येऊन उभी राहिली. पलीकडे वाद्ये थांबली आणि सोनाबाईचा कंठ उठला. ती खुर्चीवर बसून गात होती, शेजारी वॉकर, त्यास झेंडूची माळ, हे मला मागाहून कळले. तिने एकविरेस बोलाविले, खंडोबास, गावदेवीस, दर्यास, खाडीस, मिठास. एकेकाचे नाव घेतले. मग गेलेले वडीलधारे घेतले. आणि मग किंचित थांबून, तितक्याच मानाने, "दर्याछायाची प्राप्ती, ये गो बाय ये, मांडवात ये."

मी मान वर करून पाहिले. प्राप्ती कठड्यास धरून रडत होती, आणि या खेपेस तिला कोणी दंडक सांगितला नाही. तोच आत दिवा लागला. चौथे पलंगावर मुरुडकडचा एक म्हातारा नाखवा पाय मोडून आला होता, त्याने कळ दाबिली होती, आणि मेजावरून तीच हाक उठली, "ये गो बाय ये, मांडवात ये." एक खाडीपलीकडून, एक आतून, कंठ एकच. प्राप्तीने क्षणभर खाडीकडे पाहिले, पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले, आणि ती आत गेली.

येणेप्रमाणे नागाव मुक्कामी दर्याछाया इस्पितळी घंटेची मोहीम समाप्त जाहली. चौथा पलंग सर होऊन फत्ते जाहली, सांधा शाबूत राहिला, हळद लागली, आणि उभयपक्षी कोणाचा पाडाव जाहला नाही, ऐसी नोंद हस्ताक्षर चांगदेव याणी केली असे. नाखव्यास पाणी हवे होते. प्राप्तीने त्याचे नाव घेतले आणि त्यास पाणी दिले.